लासुर्ण्यापर्यंतची बस

श्रेया बारामतीच्या शाळेत गेली तर मानसिंगआबांना पाच गोष्टी मिळणार होत्या. श्रेयाला एक.

निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात कुणी "नात कितवीला?" असं विचारलं, की आजवर नुसतं "आठवीला जाईल" म्हणून गप्प बसावं लागायचं. आता त्याला "बारामतीला" एवढं शेपूट जोडता येणार होतं, ही पहिली गोष्ट. सोसायटीच्या कट्ट्यावर ज्या चौघांची नातवंडं बारामतीला शिकत होती, त्यांच्या बोलण्यात मधेच तोंड घालायचा हक्क मिळणार होता. शिवाय बोलेरोच्या मागच्या काचेवर शाळेचं स्टिकर. चौथी गोष्ट जरा लांबची होती. दहा-बारा वर्षांनी श्रेयाचं लग्न ठरवायची वेळ येईल, तेव्हा स्थळंच एक पायरी वरची येतील. आबांना लांबचं बघायची खोडच होती. डाळिंबाची बाग धरणाऱ्याला ती नसून चालत नाही.

पण या चारही गोष्टी पाचवीच्या आडोशाला उभ्या होत्या. पाचवी म्हणजे लासुर्ण्याच्या विजयसिंहांना उत्तर.

विजयसिंह म्हणजे आबांचे व्याही, सून सोनमचे वडील. पुतण्याच्या साखरपुड्यात त्यांनी पन्नास माणसांपुढं आपल्या नातवाला, यशराजला हाक मारली आणि सांगितलं, "आबांना पाणी विचार." यशराज बारामतीच्या शाळेत सहावीला होता. त्यानं तांब्या पुढं केला आणि पाणी हवं का, ते इंग्रजीत विचारलं. आबांना तहान लागली होती. पण "व्हय" म्हणावं तर पोराच्या इंग्रजीला मान दिल्यासारखं होईल, म्हणून ते "नको" म्हणाले आणि तसेच तहानलेले निमगावला परत आले. उन्हाळा तोंडावर होता, आणि ती तहान दोन महिने टिकली.

श्रेयाची एक गोष्ट कोणती, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तिलाही ती माहीत नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात सातवीचा निकाल लागला आणि आबा शाळा बघायला निघाले. आबांना आयुष्यात बघायला जायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे स्थळ बघायची. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोला, शकुबाईंना, ठेवणीतलं लुगडं काढायला लावलं आणि मोहनरावांना सोबत घेतलं. मोहनरावांनी पंचक्रोशीत तीस लग्नं जमवली होती आणि त्यातली अठ्ठावीस टिकली होती. मुलगा ज्ञानेश इंदापूरच्या आपल्या खताच्या दुकानातून सुटू शकत नव्हता, त्यामुळं गाडीत पुढं आबा आणि मोहनराव, मागं शकुबाई, सोनम आणि मधे वेणी घातलेली श्रेया.

"मान खाली घालून बस," शकुबाईंनी नातीला वाटेतच शिकवून ठेवलं. "विचारल्याशिवाय बोलू नगं. आन विचारलं तरी आबा हायेत."

शाळेत पोचल्यावर मोहनरावांनी आधी पाण्याची टाकी बघितली, मग संडास बघितले, मग माळीकाम करणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मालक कसे हायेत? पगार वेळेवर देत्यात का?" माळ्यानं वेळेवर देतात म्हणून सांगितलं. मोहनरावांनी आबांकडं बघून मान हलवली. घराणं चांगलं होतं.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी पाचही माणसांना बसायला खुर्च्या मागवल्या आणि श्रेयाला विचारलं, "काय काय आवडतं तुला?"

"तिला सगळं आवडतं," आबा म्हणाले. "भेंडीसुद्धा."

"कुठला विषय आवडतो?"

"गणित," आबा म्हणाले. "घरचं समदं गणित तीच करती. किती क्रेट गेले, किती आले."

"आणि मोठेपणी काय व्हायचंय?"

याचा विचार आबांनी केला नव्हता. मोहनराव मदतीला धावले. "तुमी जे करशीला ते. पोरगी शब्दाबाहेर न्हाय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आजोबांचं ॲडमिशन आम्ही नक्की करतो. आता मी मुलीशी एकटीशी बोलू का थोडं?"

सोनमला हसू आलं. ते तिनं पदरात धरलं, पण आबांनी बघितलंच.

श्रेया बाईंबरोबर पंधरा-वीस मिनिटं आत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना कांद्याचा वास येत होता आणि डोळे मोठे झाले होते. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, जागा देतो. दहा दिवसांत जुन्या शाळेचा दाखला आणि फीचा पहिला हप्ता आणून द्या. दहा दिवस म्हणजे दहाच. पुढं यादीत बरीच मुलं आहेत.

आबांनी मनातल्या मनात पाचही गोष्टी जमेला धरल्या. मग आठवण आल्यासारखं विचारलं, "आन शाळेची बस निमगावात कुठं थांबती?"

"बस लासुर्ण्यापर्यंतच येते," बाई म्हणाल्या. "हॉस्टेल आहे, पण मुलांचं. मुलींचं अजून नाही."

परतीच्या वाटेवर काटेवाडी गेल्यावर श्रेया म्हणाली, "आबा, कांद्याच्या पापुद्र्यात खोल्या असतात."

"काय असतात?"

"खोल्या. भिंतीतल्या विटांसारख्या, ओळीनं. प्रत्येक खोलीत एक ठिपका. मॅडमनी मशिनीतून दाखवलं. मी स्वतः काच लावली." थोड्या वेळानं ती म्हणाली, "रोज लावू देतात म्हणे."

ही श्रेयाची एक गोष्ट. ती तिला मिळाली होती आणि दहा दिवसांत जाणारही होती, कारण निमगाव केतकीहून निघणारी सकाळची पहिली एसटी लासुर्ण्याला पोचायची तेव्हा शाळेची बस निघून गेलेली असायची.

"मी सोडतो गाडीनं," आबा घरी आल्यावर म्हणाले.

"रोज?" शकुबाईंनी विचारलं. "सकाळी सहाला आन संध्याकाळी पाचला? फवारणीला माणसं येत्यात तवा काय त्यांनी तुमच्या फोटूला विचारायचं, औषध किती घालू म्हणून?"

ज्ञानेशनं नुसतं वडिलांकडं बघितलं. तो दुकान आठला उघडायचा आणि रात्री नऊला बंद करायचा. त्याच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं.

उपाय एकच होता, आणि तो घरातल्या सगळ्यांना दिसत होता. लासुर्ण्यात बस जिथं थांबायची, तिथून विजयसिंहांचं घर दोनशे पावलांवर होतं. सोमवार ते शनिवार श्रेयानं आजोळी राहायचं आणि यशराजबरोबर बसनं जायचं. रविवारी घरी.

पण ते विचारायचं कुणी?

इथं चौदा वर्षांचा जुना व्यवहार आडवा आला. सोनमच्या लग्नापासून आबा मुलाकडचे होते आणि विजयसिंह मुलीकडचे. लासुर्ण्याच्या ओसरीवर हाताची एकच खुर्ची होती. बोलेरोचा आवाज आला की विजयसिंह त्या खुर्चीतून उठायचे, उपरण्यानं ती झटकायचे आणि आबांना बसवायचे. स्वतः पायरीवर टेकायचे. सत्तर एकर उसाचा मालक, कारखान्याचा जुना सभासद, पण व्याह्यापुढं पायरीवर. आबांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की खुर्ची आपलीच आहे आणि विजयसिंह ती फक्त सांभाळतात, असं त्यांना वाटू लागलं होतं. आता त्याच माणसाकडं जाऊन, "माझी नात तुमच्याकडं ठेवून घ्या," म्हणायचं म्हणजे खुर्चीतून मागणं मागायचं. मागणाऱ्याला खुर्ची शोभत नाही.

"ते आपणहून म्हणतील," आबांनी ठरवलं. "त्यांचीबी नातच हाय की."

विजयसिंहांना सुचावं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला.

"पावणं, लासुर्ण्यात शाळेची बस कुठं थांबती वो?"

"पंपापाशी, आबा."

"किती वाजता?"

"सात दहाला."

"वेळेवर येती?"

"एकदम वेळेवर."

"बरं," आबा म्हणाले, आणि थांबले. पलीकडून विजयसिंहही थांबले. मग ते म्हणाले, "तुमच्या बागंत तेल्या पडला म्हणं?" मग दोघं पाऊण तास डाळिंबाच्या रोगावर बोलले.

शकुबाई दारात डाळ निवडत होत्या. "काय म्हणाले?"

"बस वेळेवर येती म्हणाले."

"तेवढं तर पंपावाल्यानंबी सांगितलं असतं," शकुबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी आबांनी डाळिंबाच्या शेवटच्या तोडीतला निवडक क्रेट लासुर्ण्याला जाणाऱ्या टेम्पोत ठेवला. फळ गोड होतं, आणि श्रेयानं वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली होती. म्हणजे नातीची आठवण व्हावी. पाचव्या दिवशी क्रेट परत आला. रिकामं भांडं परत पाठवायची रीत दोन्हीकडं नव्हती, त्यामुळं त्यात गुळाच्या दोन ढेपा होत्या. चिठ्ठी नव्हती. सहाव्या दिवशी आबांनी त्याच क्रेटमधून शेवग्याच्या शेंगा धाडल्या. सातव्या दिवशी क्रेट काकवी घेऊन आला. क्रेट असा बारामतीच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता आणि शाळेचे दिवस संपत होते.

"मामा," सातव्या दिवशी जेवताना सोनम म्हणाली, "मी लासुर्ण्याला तात्यांना फोन करू का?"

"नगं," आबा म्हणाले. "सुनेच्या तोंडून गेलं, तर मी पाठवलं असंच व्हनार."

सोनमनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

आठव्या दिवशी आबा सकाळी परसात आले तर श्रेया पायरीवर बसून कांदा सोलत होती. एकेक पापुद्रा काढून ती उन्हाकडं धरून बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्याचं. "दिसत न्हाय," ती म्हणाली. "नुसत्या डोळ्यांनी न्हाय दिसत, आबा." मग तिनं तो पापुद्रा पुस्तकात ठेवला. पुस्तकात असे आणखी सात-आठ होते. ती रोज एक ठेवत होती, हे आबांच्या ध्यानात आलं. तीही दिवस मोजत होती.

आबा घरात गेले, कपडे घातले आणि नव्या ज्वारीचं एक पोतं गड्याकरवी बोलेरोत टाकलं.

"कुठं?" शकुबाई म्हणाल्या.

"लासुर्णे."

"पोतं कशाला?"

"पोरगी राहनार तर खानार की. फुकट ठेवत न्हाय मी कुनाकडं."

शकुबाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षांत असं दोनदाच झालं होतं.

बोलेरोचा आवाज आला तसे विजयसिंह खुर्चीतून उठले. उपरण्यानं खुर्ची झटकली. "या, आबा. बसा."

आबा पायऱ्या चढले, खुर्चीपर्यंत गेले, तिच्या हातावर हात ठेवला आणि वळून पायरीवर बसले.

विजयसिंह घोटाळले. पाहुणा पायरीवर, तर आपण खुर्चीत कसं बसायचं? उभं राहिलं तर तेही बरं दिसेना. शेवटी ते पण पायरीवर आबांच्या शेजारी टेकले. ओसरीवर खुर्ची रिकामी राहिली आणि दोन म्हातारे पायरीवर एका रांगेत बसले, एसटीची वाट बघत असल्यासारखे.

चहा आला. उसाची बिलं, कालव्याचं आवर्तन, मोहनरावांचा गुडघा, सगळं बोलून झालं. कप खाली ठेवून आबा रस्त्याकडं बघत म्हणाले, "पावणं, श्रेयाला बारामतीच्या शाळंत जागा मिळालीया."

"कळलं," विजयसिंह म्हणाले.

"बस निमगावला येत न्हाय."

"ठावं हाय."

"परवा दाखला द्यायचाय." आबांनी घसा साफ केला. "तर मी तुमाला विचारायला आलोय. पोरीला तुमच्याकडं ठेवून घेताय का? सोमवार ते शनिवार."

विजयसिंह लगेच बोलले नाहीत. आबांना ते अर्धं मिनिट फार लांब वाटलं. चौदा वर्षांत या माणसाला आपण कितीदा असं तिष्ठत ठेवलं, ते त्यांना एकेक आठवायला लागलं. बारशाची साडी हलकी निघाली म्हणून. दिवाळीला बोलावणं उशिरा आलं म्हणून.

"खोली तयार हाय," विजयसिंह म्हणाले. "आठ दिवसांपासून. पलंगबी टाकलाय."

आबांनी मान वळवली. "मग म्हनला का न्हाय?"

"आमी कसं म्हनावं, आबा? आमी पडलो मुलीकडचे. नात आमच्याकडं पाठवा म्हनलो असतो, तर तुमी काय म्हनला असता?"

आबांनी विचार केला. "आमच्या घरात काय कमी हाय का, म्हनलो असतो."

"आन?"

"आन रागारागानं हितल्याच शाळंत घातलं असतं."

"सोनमनं हेच सांगितलं," विजयसिंह म्हणाले. "पैल्याच दिवशी फोन आला तिचा. म्हनली, तात्या, तुमी तोंड उघडू नका. मामा येतील. उशिरा येतील, पर येतील."

जेवताना सुनेनं फोन करू का म्हणून विचारलं होतं, ते आता आबांना नव्यानं ऐकू आलं.

"ज्वारीचं पोतं आनलंय," ते शेवटी उठता उठता म्हणाले.

विजयसिंह पहिल्यांदा हसले. "ते तसंच माघारी न्या."

"आवो, पोरगी खाईल—"

"आमच्या नातीच्या जेवनाला पोतं आनताय? मग पाण्याचंबी मीटर बसवू का?" ते आबांच्या बरोबर गाडीपर्यंत आले. "आबा, चौदा वर्षं तुमचं समदं ऐकलं. ह्ये एक न्हाय ऐकनार."

तेवढ्यात यशराज तांब्या घेऊन आला. त्यानं आजोबांकडं बघितलं, मग आबांकडं, आणि मराठीत विचारलं, "आबा, पाणी?"

आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला.

पोतं निमगावला परत आलं. शकुबाईंनी ते उतरवून घेताना विचारलं, "आता कळलं, मी काय म्हननार हुते?" दुसऱ्याच दिवशी दाखला निघाला, ज्ञानेशनं फीचा हप्ता भरला, आणि पंधरा जूनपासून श्रेया लासुर्ण्याच्या पंपापाशी सात दहाला उभी राहायला लागली.

हिशेब करायचा तर आबांना पाचातल्या चार गोष्टी मिळाल्या. बाजारात "बारामतीला" म्हणता येऊ लागलं, कट्ट्यावर तोंड घालता येऊ लागलं, स्टिकर लागलं, आणि स्थळांचं पुढं बघता येईल. पाचवी मात्र बुडाली, कारण विजयसिंहांना आता कसलंच उत्तर द्यायचं राहिलं नाही. आबांची ती हाताची खुर्चीही गेली. श्रेया संध्याकाळी तिच्यात बसून अभ्यास करते, आणि आबा गेले तर दोघं व्याही पायरीवर बसतात. विजयसिंहांनी दोन वेळचं जेवण दिलं, ज्ञानेशनं फी दिली, आबांनी खुर्ची दिली. जो तो आपण काय दिलं ते चारचौघांत सांगतो. आबा तर खुर्चीची गोष्ट स्वतःहून सांगतात, आणि दर वेळी पायरी थोडी उंच होते.

सोमवारी पहाटे आबा श्रेयाला लासुर्ण्याला सोडून येतात. जुलैतल्या एका सोमवारी ते परत येऊन चुलीजवळ चहाला बसले होते. सोनम भाकऱ्या थापत होती. चार माणसांच्या भाकऱ्या झाल्या आणि परातीत एक गोळा उरला. तिनं तो हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि गायीच्या आंबोणात टाकायला बाजूला ठेवला. पुढच्या सोमवारीही तसंच झालं. हात रविवारच्या मापानंच पीठ घेत होते.

तिसऱ्या सोमवारी आबा म्हणाले, "सोनम, तो गोळा थाप. मी खातो."

"मामा, डॉक्टरनी तुम्हाला दोनच सांगितल्यात."

"सोमवारी तीन."

तिनं भाकरी थापली, शेकली आणि त्यांच्या ताटात वाढली. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिनं नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं, सासऱ्याकडं मागितलं नव्हतं, आणि बापाला गप्प बसायला सांगितलं होतं. शाळा तिनंच मिळवून दिली होती, बापाला पायरीवर सोबत मिळवून दिली होती, आणि त्यासाठी आठवड्यातले सहा दिवस पोर दिली होती. ते देणं तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि इतके दिवस कुणाच्या मोजण्यातही आलं नव्हतं.

आबांनी तिसरी भाकरी सावकाश खाल्ली. भूक नव्हती, पण ती त्यांनी पुरी संपवली.